चंदनाचा हार

मालिकेत ह्यांना मारलं, त्याला तीन वर्षं झाली.
एका मंगळवारी, साडेसातच्या भागात, जिन्यावरून पाय घसरून.
जिना खोटाच, सहा पायऱ्यांचा;
सातवीच्या जागी पत्र्याची शेड
आणि बाहेर घोडबंदर रोडचे कंटेनर.
मग ह्यांचा फोटो लागला दिवाणखान्यात, चंदनाचा हार घालून,
आणि फोटोचे पैसे यायला लागले, दिवसाला चारशे.
"लोक बसून खातात," हे म्हणाले,
"मी लटकून खातो."

मी त्या वेळेला गॅसपाशी जायची.
पडद्यावरची ह्यांची बायको फोटोसमोर उभी राहून म्हणायची,
"अहो, तुम्ही आज असता तर…"
मी पोळी उलटत म्हणायची,
असते तर ओला टॉवेल पलंगावर टाकला असता.

कासारवडवलीच्या भाजीवालीनं एकदा
मेथीची जुडी पिशवीत टाकली,
माझा हात धरला, डोळे भरून म्हणाली,
"वाईट झालं हो, काकी."
मागून हे म्हणाले,
"थोडी कोथिंबीरही घाला."

आमची ओळखच मुळी अँटेनाची.
चरईत, अख्ख्या आळीत एक टीव्ही, टिपणिसांचा,
लाकडी दारांचा, किल्ली काकूंच्या कनवटीला.
हे कौलांवर चढून काठी वरळीकडे फिरवायचे,
"आलं का?"
खिडकीतून मी, परकरातली, "मुंग्या!"
"आता?"
"मुंग्याच!"
"आता?"
आणि एकदम मुंग्यांतून एक बाई वर यायची,
अंबाड्यात फूल, बातम्या सांगणारी.
नाहीतर नुसती पाटी: व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत.
ती पाटीसुद्धा आम्ही मांडी घालून बघितली आहे,
पुढची जागा जाऊ नये म्हणून.

कौलावरून उतरेपर्यंत ह्यांचं नाटक अर्धं झालेलं असे.
मी सांगायची अर्धं. फुकट नाही, दोन आवळे घेऊन.

गेल्या महिन्यात मालिका संपली.
सेटिंगवाला दत्तू पडघेकर स्कूटरवर फोटो पुढ्यात धरून आला.
दार ह्यांनीच उघडलं.
दत्तू दचकला, मग ओशाळला,
"सर, फोटो तुमचा. फ्रेम तेवढी परत द्या,
सोमवारी दुसरीकडे एक आजोबा जातायत."

ह्यांनी पक्कड घेतली, मागचे खिळे उपसले.
पुठ्ठा निघाला,
आणि ह्यांच्या पाठीमागे आणखी एक फोटो.
नथ घातलेली बाई.
"अगं, ही ताराबाई मोघे! दुपारच्या मालिकेतली सासू.
चहात साखर नको म्हणायची, आणि बिस्किटं चार."
तिच्यामागे पगडीतला माणूस.
"हा खोपकर. ऐतिहासिक. घोड्याला भ्यायचा."
त्याच्यामागे एक पोरगेला फौजी, चष्म्याचे व्रण नाकावर.
"हा… थांब… हा बँकेत लागला नंतर."
दत्तू हेल्मेट हातात घेऊन उभाच.
मी चहा टाकला, सगळ्यांचा टाकल्यासारखा जास्तच झाला.

सगळ्यात तळाशी एक काळापांढरा.
कडा करवतलेल्या, ओठ किंचित उघडे,
वाक्य विसरल्यावर होतात तसे.
हे खिडकीशी घेऊन गेले. चष्मा काढला. लावला.
तिरका धरला, सरळ धरला.
"आठवतंय का?" मी विचारलं.
"मुंग्या," हे म्हणाले.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग ह्यांनी तळापासून सगळे परत रचले,
तो, बँकेतला, खोपकर, ताराबाई,
आणि वर स्वतःला ठेवलं.
"सर, फोटो तुम्हाला ठेवायचाय ना?"
"राहू दे. वरून आजोबा लावा. गर्दी बरी."

दत्तू निघाला. हार टेबलावरच राहिला.
लिफ्टपर्यंत हे पोचवायला गेले,
"फ्रेम सरळ धर रे," इथपर्यंत ऐकू आलं.
हार मी उचलला, वास घेतला.
चंदन कसलं, लाकडाचा भुसा आणि अत्तर.
तरी डब्यात ठेवला.
साडेसात वाजले होते.
टीव्ही लावला, आणि त्या वेळेला
पहिल्यांदाच गॅसपाशी गेले नाही.